मोठेबाबांचं रिव्हॉल्व्हर

दर रविवारी सकाळी मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अंगणात रिव्हॉल्व्हर पुसायला बसत. आजोबांच्या वेळचं, परवान्याचं. आधी गोळ्या काढून कपाटात कुलूपबंद. मग स्वतःच्या वावरातला कापूस, मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शिलाई मशीनचं तेल आणि खाली अंथरायला माझी 'शस्त्रमुक्त गाव' ही पत्रकं.

"हा विचारांचा अपमान आहे!" मी चिडायचो.

"लेका, तुहा कागद तेल मस्त पेते. तुह्यं लेखन वाया नाई जात."

ते रिव्हॉल्व्हर त्यांनी कधीच चालवलं नव्हतं. विचारलं की म्हणत, "चालवली का धूर होते. मंग पुसा कोनाले लागते?" इकडे मशीन करकरलं की मोठी आई ओरडायची, "बंदुकीले तेल अन् माह्या मशीनले शिव्या!"

"घरात बंदूक हाय म्हनून गाव भेते," मोठेबाबा ऐकवत. "भेवाशिवाय इज्जत नाई, पोट्ट्या." या एका वाक्याविरुद्ध मी कितीतरी पत्रकं लिहिली, पार दर्यापूरपर्यंत वाटली. घरात परिणाम शून्य.

निवडणूक लागली आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा आदेश आला. शेवटच्या दिवशी मोठेबाबांनी ते चकचकीत केलं, उन्हात ठेवलं आणि चष्मा पुसायला वळले. शेजारी भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या. अंगणातल्या निंबावरून एक वानर शेंगांसाठी उतरलं आणि रिव्हॉल्व्हर घेऊन परत वर चढलं.

संध्याकाळपर्यंत जमा झालं नाही तर परवाना जाणार, वर गुन्हा दाखल होणार. मोठेबाबांना घाम फुटला. वानरानं नळी हुंगली, चाटली आणि आमच्याकडे वळवली. जमलेली अर्धी गल्ली गोठ्यामागे पळाली. मोठेबाबा माझ्या पाठीमागे लपले.

"गोळ्या तुम्हीच काढल्या ना?"

"म्याच काढल्या."

"मग?"

"पन त्याले कुठं मालूम हाय?"

शेवटी मोठ्या आईनं भाकर पुढे केली. वानरानं हत्यार खाली शेणात टाकलं, भाकर हिसकावली आणि पसार झालं.

"पाहा," ती नवऱ्याला म्हणाली, "जनावराले समजते."

मोठेबाबांनी रिव्हॉल्व्हर पुसलं नाही. तसंच पिशवीत घातलं आणि ठाण्यातल्या शिपायाला म्हणाले, "निवडनूक झाल्यावर बी वापस नाई पायजे. काय कागद करा लागते ते सांगा."

बाहेर आल्यावर मी छाती फुगवून विचारलं, "शेवटी पत्रक पटलं ना?"

"छट्!" मोठेबाबा म्हणाले. "जल्मभर बंदूक मांगून पाह्यली होती, बापा. आज समोरून पाह्यली."