गौराक्काची ब्रँडी बंद

आमच्या दवाखान्यात औषधं संपली की दुसऱ्या गावाहून मागवावी लागतात. किस्से मात्र न मागवता रोज दारात येऊन बसतात. मद्रासला डॉक्टरी शिकून मी निपाणीला परतले, ती साऱ्या मुलखातल्या बायांना सुधारायचंच अशा थाटात. गरोदरपणात दारू नको, हा माझा पहिला धडा. अजून त्याच धड्यावर आहे.

*

पहिल्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या बायांना मी विचारलं, "दारू घेता का?"

सगळ्यांनी तोंडाला पदर लावला. शिव शिव, भलतंच काय विचारते ही!

"आणि ब्रँडी?"

"ती व्हय? ती रोज दोन चमचं. औषधाला कोण दारू म्हणतंय?"

*

त्यांतलीच एक गौराक्का. सातवा महिना. आधीची दोन मुलं जन्मतःच गेलेली. हे तिसरं जगावं म्हणून सासू तिला रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं ब्रँडी पाजायची. आणि ते जगावं म्हणूनच मी ती बंद करायला निघाले होते.

"मावशी, आई पिते ते पोटातलं मूलही पितं," मी सासूला समजावलं.

मावशींनी नीट विचार केला. "मग बरंच की गं. आत त्याला दुसरं कोण देणार?"

*

बोलून जमेना, म्हणून पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. पोटुशी बाई, शेजारी बाटली, बाटलीवर मोठी लाल फुली. अक्षरओळख नसलेल्यांनाही कळेल अशी.

दुसऱ्या दिवशी चार पोटुश्या बाया दारात हजर. औषध न्यायला बाटली आपल्या घरून आणायची, ही इथली रीत. चौघींच्याही हातात रिकामी बाटली.

"लाल फुली म्हंजे दवाखाना," आमचे कंपाउंडर आप्पा म्हणाले. "त्यास्नी वाटलं, आता सरकारच वाटायलंय."

पाटी उतरवली.

*

मग गौराक्काला ब्रँडीऐवजी मुंबईहून आलेलं शक्तीचं टॉनिक दिलं. मावशी तिसऱ्याच दिवशी बाटली घेऊन परत.

"डाक्टरीणबाई, हे आमच्यापरीस कडक हाय."

मी बूच काढून हुंगलं. मग लेबलावरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. टॉनिक कसलं, निम्मी वाइनच! त्याच दुपारी डझनभर बाटल्या मी मोरीत ओतल्या. आप्पा संध्याकाळपर्यंत मोरीजवळून हलले नाहीत.

मावशी सगळं बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू तुझी वतलीस. आता मीबी माझी बंद करते. पर पोराला काय झालं तर तुला सोडत न्हाय."

*

गौराक्का भर दुपारी घरीच बाळंत झाली. मुलगी. रडेना. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मावशी उंबऱ्यात उभ्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पोरीनं एकदाचा असा टाहो फोडला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मावशी आत गेल्या आणि उतरंडीच्या मागून ब्रँडीची बाटली घेऊन आल्या.

"मावशी!" मी किंचाळले. "आता दूध पाजायचंय तिला. एक थेंब द्यायचा नाही."

"वरडू नको. तिला न्हाय," मावशी वाटीत ओतत म्हणाल्या. "बस हितं. तुझं हात बघ कसं थरथरायलेत."