सासऱ्यांची दुसरी ओळ

लग्न होऊन गोव्यात पार्श्याला आले त्याला आता एकवीस वर्षं झाली. माझं माहेर सावंतवाडीच्या अलीकडे, बसने तासाभरावर, त्यामुळे इथली बोली, इथलं जेवण, देवधर्म यातलं काहीच मला परकं वाटलं नाही. नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. पहिल्याच मार्चमध्ये सासूबाईंबरोबर टेकडीवरच्या बागेत काजू वेचायला गेले, तर वरच्या अंगाला कुणीतरी खड्या आवाजात इंग्रजी बोलत होतं. मला वाटलं, एखादा परदेशी पाहुणा वाट चुकून आत शिरला. मी हातातलं बोंड तसंच धरून उभी राहिले.

"घाबरा नको गो," सासूबाई म्हणाल्या. "आमचे हेच आसत. चढण लागली काय तेंची कविता सुरू जाता."

आणि खरंच, झाडांतून सासरे उतरत आले. अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, कमरेच्या आकडीला कोयता, आणि तोंडात इंग्रजी. मला पाहून ते लाजले आणि गप्प झाले. दोन-तीन वर्षं गेली, मी घरात मुरले, तेव्हा कुठे ते माझ्यासमोर मोकळेपणाने म्हणू लागले.

गोष्ट अशी होती. पोर्तुगीज जाऊन थोडी वर्षं झाली होती आणि सासरे पेडण्याच्या हायस्कुलात जात होते. रोज पायी जायचे, पायी यायचे. इंग्रजीचे मास्तर हद्दीपलीकडून आलेले, तरुण, बारीक अंगाचे. त्यांनी एका दुपारी फळ्यावर एका जुन्या इंग्रजी कवितेच्या चार ओळी लिहिल्या आणि टेबलावर पट्टीने ठेका धरून सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतल्या. पुढे घरची शेती आली, सासऱ्यांची शाळा सुटली, इंग्रजीचा संबंधही सुटला. त्या ओळी मात्र राहिल्या. चार नव्हे, तीनच. दुसरी ओळ कुठेतरी गळून पडली.

पहिल्या ओळीत एक माणूस संध्याकाळचा टेकडी चढत असतो. तिसरीत पाऊस काही केल्या थांबत नाही. चौथीत तो माणूस पावलं झपझप उचलतो, आणि ओळ 'नाइट' या शब्दावर संपते. सासऱ्यांना वाक्यांचा अर्थ असा धडपणे लागत नव्हता, सुटे शब्द कळत होते. पण ठेका असा पक्का, की चढण चढताना पाऊल बरोबर त्या ठेक्यात पडायचं.

"पण बाये," ते मला म्हणायचे, "तो माणूस इतको घायीत कित्याक? तां दुसऱ्या ओळीत आसा. आणि तीच माका आठवणा नाय."

सासूबाईंच्या मते त्याची जेवायची वेळ झाली असणार. माझ्या नवऱ्याचं मत पडलं की त्याची शेवटची बस चुकत असेल. नवरा मुरगाव बंदरात नोकरीला, आठवड्याने घरी येतो, त्याला बसचंच सुचणार. सासऱ्यांना दोन्ही पटत नव्हतं. ते म्हणायचे, कवितेतल्या माणसाचं कारण काहीतरी चांगलं असणार, नाहीतर मास्तर डोळे मिटून म्हणाले नसते.

घरात मोबाइल आला तेव्हा नवऱ्याने तो सासऱ्यांच्या तोंडापुढे धरला आणि सांगितलं, "बाबा, म्हणा." त्यांनी घसा साफ करून तिन्ही ओळी म्हटल्या. मोबाइलने टेकडीवरच्या हॉटेलांचे पत्ते दाखवले. मग मी त्या ओळी ऐकून ऐकून, स्पेलिंग अंदाजाने ठोकून टाइप केल्या, तेव्हा पावसाचा अंदाज आला. सासरे मनापासून हसले आणि म्हणाले, "रवां दे. तेका आमचां इंग्लिश कळणा नाय."

धारगळला हमरस्त्याच्या कडेला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्या तीन ओळी मोठ्या अक्षरात छापल्या, दुसऱ्या ओळीच्या जागी रिकामी रेघ ओढली, खाली मराठीत लिहिलं, 'ही ओळ कुणाला येत असल्यास सांगावी', आणि कागद भिंतीला चिकटवला. सासऱ्यांना काही बोलले नाही.

तो कागद पावणेदोन वर्षं तिथे होता आणि मी माझ्या गिऱ्हाइकांबद्दल त्या काळात जेवढं शिकले तेवढं आधी कधी शिकले नव्हते. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून टाकलेला डिचोलीचा एक ड्रायव्हर आला. त्याला ती कविता येत नव्हती, पण त्याला त्याच्या शाळेतली एक वेगळीच इंग्रजी ओळ आठवली. रिकाम्या ट्रकने परतताना तो ती म्हणायचा म्हणे. म्हणून दाखवताना त्याचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा, सपाट आणि मोठा झाला. पंचायतीतल्या एका कारकून बाईंनाही त्यांच्या शाळेतली एक ओळ येत होती, तीही अर्धी. पासपोर्टची प्रत काढायला आलेल्या एका गोऱ्या बाईंनी कागद वाचला, खांदे उडवले आणि मलाच विचारलं की पुढे काय होतं. एका पोरीने रेघेवर पेन्सिलीने 'ट्यूबलाइट' लिहून ठेवलं, कारण शेवटी 'नाइट'शी जुळायला हवं ना! मी ते खोडलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात एक वयस्कर बाई मुलीबरोबर दुकानात आल्या. माहेरच्या जमिनीच्या उताऱ्याच्या प्रती हव्या होत्या. मुलगी कागद मोजून देत होती आणि बाई चष्मा वर-खाली करत भिंतीकडे बघत होत्या. मी मशीनमध्ये कागद भरत होते. मागून आवाज आला. बाईंनी पहिली ओळ म्हटली, क्षणभरही न थांबता दुसरी म्हटली, मग तिसरी आणि चौथी, आणि म्हणताना त्यांचं बोट माझ्या काउंटरवर ठेका धरत होतं.

मी मशीन तसंच उघडं टाकून वळले.

"तुमी पेडण्याच्या हायस्कुलात होतात?" मी विचारलं.

"होतंय तर," त्या म्हणाल्या. "मामाकडे रवान शिकलंय. तुका कशी कळली ही कविता? ही तर आमच्या मास्तरांची."

मी सासऱ्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, बाई इथेच आहेत, फोनवर ओळ ऐकवू?"

"नाका! फोनार नाका!" ते ओरडले. "मी आयलोच. तेंका जावंक दिव नको."

बाईंना डिचोलीला परतायचं होतं, पण मी चहा मागवला, शेजारच्या हॉटेलातून भजी मागवली, आणि मुलगीही म्हणाली, थांबूया. पाऊण तासाने सासरे शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आले. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तू पार्श्याचो मरे? शेवटच्या बाकार बसायचस. शाळेत येताना खिसो भरून काजी हाडायचस."

"आणि तू पयल्या बाकार," सासरे म्हणाले. "सगळ्यांआधी हात वर."

साठ वर्षांनी भेटलेली ही दोन माणसं इतकंच बोलली. मग सासऱ्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. बाईंनी दुसरी म्हटली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यांनी पुढे डिचोलीत तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे अर्थही सांगितला. लांबवर एका खिडकीत दिवा दिसतो, असं होतं त्या ओळीत.

"जनेलात दिवो," सासरे हळूच म्हणाले. आमच्याकडे खिडकीला जनेलच म्हणतात. "म्हणान तो चलता बेगीन बेगीन. घरची वाट बघतत तेची." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले आणि घाम आला म्हणून सांगितलं.

आता ओळ नीट हाताशी होती, स्पेलिंगसकट, म्हणून बाईंच्या मुलीने ती मोबाइलवर शोधली. कविता लगेच सापडली. चारच ओळी नव्हेत, चांगली आठ कडवी. मुलगी वाचू लागली आणि तिसऱ्या ओळीवर अडखळली. "आई, यात पाऊस नाही. बर्फ आहे. स्नो."

"पाऊसच," बाई म्हणाल्या.

"पाऊसच," सासरेही म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. एकाची चूक होऊ शकते, पण दोघांची एकच चूक कशी? मग बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. "थांबा," त्या म्हणाल्या. "मीच हात वर केलो होतो. स्नो म्हणजे कितां, असां विचारलां. मास्तर फळ्याकडे वळले. मग म्हणाले, मीही कधी बघूंक नाय, तुमीही बघूंक नाय. तेणी तो शब्द पुसलो आणि रेन लिवलां. म्हणाले, आमी हेच म्हणूया."

सासरे मांडीवर थाप मारून हसले. "म्हणान मोबाइलाक गावलां नाय!"

तेवढ्यात मुलगी पुढचं वाचून तोंडावर हात धरून हसू दाबायला लागली. काय झालं ते सांगेना. शेवटी तिने मोबाइल सासऱ्यांपुढे धरला आणि दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. सासऱ्यांनी चष्मा नव्हता म्हणून मोबाइल लांब धरला आणि अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं, "टा... व्हर्न. तावेर्न?"

गोव्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दारूच्या दुकानाला आम्ही तावेर्नच म्हणतो. ज्या दिव्याकडे तो माणूस पावसातून धावत होता, तो घराचा नव्हता. आत मित्र बसलेले होते, पेले भरलेले होते, आणि पुढची सगळी कडवी त्याचीच. मास्तरांनी चार ओळींवर का थांबवलं, ते आम्हाला तिथे उभ्या उभ्या कळलं. सासरे हसून हसून स्टुलावरून घसरायच्या बेतात आले. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. टायपिंगला आलेला एक माणूस दारातच थबकून आम्हा सगळ्यांकडे बघत राहिला.

मी संपूर्ण कवितेची प्रत काढून सासऱ्यांना दिली. त्यांनी ती घरी जाऊन चष्मा लावून दोन दिवस वाचली, माझ्याकडून अर्थ विचारले, मी डिक्शनरीत बघून सांगितले. तिसऱ्या दिवशी कागद माझ्या हातात देत म्हणाले, "बरी आसा. पण पयल्या चार ओळीच खऱ्या. फुडलां नुसतां गप्पां मारणां." चढणीला अजूनही ते त्या चारच म्हणतात, आणि पावसाच्याच.

जानेवारीत बाईंनी आम्हाला डिचोलीला जेवायला बोलावलं. नवऱ्याची सुट्टी होती, म्हणून आम्ही चौघं गाडी घेऊन गेलो. जेवणानंतर बाईंनी मास्तरांची आणखी एक कविता काढली. सासऱ्यांनी शाळा सोडल्यानंतरच्या वर्षी शिकवलेली, म्हणून त्यांना नवीन. त्यातल्या दोन ओळी बाईंनी बसवून घेतल्या. सासरे दर वेळी एकाच शब्दावर घसरत होते आणि बाई दर वेळी पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या त्यांना थांबवत होत्या. सासूबाई कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या. त्या चौथीपर्यंत मराठी शिकलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

परतीच्या वाटेवर सासरे पुन्हा त्या दोन ओळी म्हणू लागले आणि पुन्हा त्याच शब्दावर अडले. मागच्या सीटवरून सासूबाईंनी दोन्ही ओळी सरळ, एका दमात, ठेक्यासकट म्हणून टाकल्या. नवऱ्याने गाडी चालवता चालवता मागे वळून पाहिलं.

"आई, अर्थ कळला तुम्हाला?" मी विचारलं.

"अर्थ कोण विचारता?" त्या म्हणाल्या. "तोंडात बरां वाटता." आणि घर येईपर्यंत त्यांनी त्या ओळी आणखी चार-पाच वेळा म्हटल्या.