रिटायर झाल्यावर मी काय केलं?

हे कालव्यातून वर आले, टॉवेल खांद्यावर घेतला आणि मला म्हणाले, "अगो, आपण इथं कशाला आलो?"

मी हसले. यांची मस्करीची सवय जुनी. म्हटलं, "पोहायला आलात. पाणी गार आहे, नको म्हणत होते, ऐकलंत का?"

"व्हय काय," म्हणत त्यांनी डोकं पुसलं. मग कालव्याकडे बघितलं, पलीकडच्या वालाच्या शेताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आपण इथं कशाला आलो गो?"

तोच सूर, तेच शब्द. चेहऱ्यावर हसू नव्हतं. माझ्या हातातला त्यांचा सदरा तसाच हातात राहिला.

आम्ही पेणला रामवाडीत राहतो. नणंद कोलाडकडच्या खांब गावाजवळ दिली आहे. वालाच्या शेंगा भरल्या की दर वर्षी तिचं बोलावणं येतं, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायला या म्हणून. त्या सकाळीही तसेच स्कूटरवरून गेलो होतो. पिशव्या तिच्या पडवीत टाकल्या आणि चहा व्हायच्या आत हे कालव्यावर निघाले. यांनी आयुष्यभर रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये नोकरी केली. रिटायर झाले तेव्हापासून एकच धोशा होता, आता एक मिनिट फुकट घालवायचं नाही. कालवा दिसला की पोहायचं, डोंगर दिसला की चढायचं. मी काठावर बसले होते, सोबत दुसरं कोणी नव्हतं.

"माझं नाव सांगा," मी म्हटलं. सांगितलं. मुलीचं सांगितलं, तिचं सासर ठाण्याला हेही सांगितलं. जरा जीव खाली पडला. तेवढ्यात त्यांनी ओल्या कपड्यांकडे बघून विचारलं, "मी भिजलो कसा?"

मी कसाबसा सदरा त्यांच्या अंगात घातला, हात धरला आणि शेताच्या बांधावरून घराकडे निघाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उघड्यावर यांचा हात मी कधी धरला नव्हता. ते चालत होते आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत होते, कुठे चाललोय. मी सांगत होते. सांगितलेलं कुठेतरी गळून जात होतं.

नणंद अंगणात शेंगा निवडत होती. यांनी तिला ओळखलं, पण विचारलं, "तू कधी आलीस गो?"

"दादा, अरे घर माझा हाय ना!" ती हसत म्हणाली आणि माझं तोंड बघून उठून उभी राहिली. "काय झाला वहिनी?"

"डोक्यात काहीतरी झालंय. दवाखान्यात न्यायला हवं."

तिच्या नवऱ्याने हायवेवरच्या नाक्यावरून मिनीडोअर रिक्षा आणली. नणंद पुढे बसली, आम्ही दोघं मागे. कोलाडवरून रोह्याला जाईपर्यंत मी यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ वाकडा होतोय का, डोळा मिटतोय का. काहीच होत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. माणूस डोळ्यांसमोर धडधाकट बसलेला, आणि तरी आतून निसटत चाललेला.

रोह्याच्या वाटेला लागल्यावर त्यांचा प्रश्न बदलला. "माझी आज सेकंड शिफ्ट हाय ना? बस चुकेल."

"तुम्ही रिटायर झालात."

"कधी?"

"दोन वर्षं होतील."

त्यांच्या तोंडावर आधी नवल दिसलं, मग थोडासा आनंद. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मग रिटायर झाल्यावर मी काय केलं?"

"काय करणार? घरीच असता," मी म्हटलं. माझं लक्ष रस्त्यावर होतं.

"काहीच नाय?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. जरा वेळाने पुन्हा शिफ्ट, पुन्हा बस, पुन्हा रिटायर. आणि पुन्हा तोच प्रश्न. या खेपेला मी म्हटलं, "मागच्या दारी वांगी लावलीत."

"आली काय?"

"आली. कीड लागली, पण आली."

ते खूश होऊन हसले. त्या हसण्याने माझे डोळे भरले, पण रडले असते तर त्यांनी कारण विचारलं असतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हात वर करायला लावले, दात दाखवायला लावले, सरळ रेषेत चालवलं. सगळं नीट. मग म्हणाली, "काका, तीन शब्द लक्षात ठेवा. आंबा, छत्री, घड्याळ." थोडं इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, तर हे म्हणाले, "कसले शब्द?"

मेंदूचा फोटो काढला. रिपोर्ट येईपर्यंत आम्हाला बाकावर बसवलं. मुलीला फोन लावला आणि नणंदेच्या हातात दिला. ती बोलायला बाहेर गेली. आम्ही दोघंच उरलो.

"तू घाबरलीस काय? काय झालंय?" यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं, तुम्हाला काही लक्षात राहत नाहीये. "म्हणजे वेड लागलं काय मला?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला ते जेमतेम ऐकू आलं. जरा वेळाने ते विसरले आणि पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तसेच नव्याने घाबरले. त्यानंतर मी खरं सांगणं सोडलं. साधी तपासणी आहे, एवढंच म्हणायचं ठरवलं. त्यांच्या वाटची भीतीही आता मला एकटीलाच सांभाळायची होती.

माझं मन सारखं पुढे पळत होतं. हे असेच राहिले तर? घरात एकटं कसं ठेवायचं? गॅस चालू ठेवला तर? रस्ता चुकून हायवेवर गेले तर? दर वेळी विचार तिथवर पोचायचा आणि हे माझी बाही ओढायचे. "रिटायर झाल्यावर मी काय केलं गो?" मग मला तिथून परत यावं लागायचं, या बाकावर, यांच्या शेजारी.

"भाकऱ्या शिकलात," मी म्हटलं.

"मी?"

"जाड होतात, पण फुगतात."

"आणखी?"

आणखी काय? मी आठवू लागले. केरळला जायचं होतं, ते राहिलं. वर एक खोली काढायची होती, ती राहिली. तबला शिकायचा होता, तो तसाच. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण त्यावरून आमची रोज कुरबुर चालायची. पण जे घडलं ते? गेल्या पावसात आम्ही दुपारी काय करत होतो? दिवाळीनंतरचे ते सगळे दिवस कुठे गेले? आदल्या आठवड्यातली एकसुद्धा संध्याकाळ मला धड आठवेना. यांचं डोकं कालव्यात बिघडलं होतं. माझं तर शाबूत होतं. आणि तरी माझ्यापाशी यांना सांगायला पुरेसे दिवस नव्हते. तेव्हा मला जी भीती वाटली ती रिक्षातल्यापेक्षा वेगळी होती. ती मी कोणाला सांगितली नाही.

मी सापडेल ते देत राहिले. शेजारच्या मांजरीची पिल्लं तुम्ही खोक्यात ठेवलीत. नातीला सायकल शिकवलीत आणि तीन दिवस कंबर धरून बसलात. मला सुईत दोरा ओवून देता, माझी नजर अधू झाल्यापासून. दर गोष्टीला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान डोलवायचे, आणि खरंच ते पहिल्यांदाच असायचं.

फोटोत काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, "पक्षाघाताचं लक्षण दिसत नाही. मेंदू कधी कधी थोडा वेळ नवं काही साठवत नाही, गार पाण्यात उतरल्यावरही होतं असं. बहुतेक परत येईल. आज इथेच ठेवू." मी त्यातला फक्त 'बहुतेक' तेवढा ऐकला.

उन्हं कलली तेव्हा नणंदेने कँटीनमधून दुसऱ्यांदा चहा आणला. एक घोट घेऊन हे म्हणाले, "ह्यो बरा हाय. मघाचा कडू होता."

मी कप खाली ठेवला. मघाचा. मघाशी चहा प्यायल्याचं त्यांना आठवत होतं. नणंदेच्याही ध्यानात आलं आणि ती पदर तोंडाला लावून कॉरिडॉरमध्ये गेली. मी मात्र बसल्या जागी रडले, आणि यांनी कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते त्यांच्या लक्षात राहिलं.

कालव्यापासून चहापर्यंतचा दिवस मात्र त्यांना परत मिळाला नाही. तो माझ्याकडेच आहे. हे आता ती गोष्ट लोकांना हसत सांगतात, नणंदेकडून ऐकलेली. मला हसू येत नाही. हे एकच गोष्ट दोनदा विचारतात, चष्मा कुठे म्हणून, तेव्हा अजून मी हातातलं काम टाकून त्यांच्या तोंडाकडे बघते. डॉक्टरीणबाईने सांगितलंय की सहसा पुन्हा होत नाही. 'सहसा' या शब्दावर मी दिवस काढते.

दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं होतं. गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं, म्हणून स्कूटर नणंदेकडेच ठेवली आणि रोह्याहून ट्रेनने निघालो. नागोठणं गेलं, आणि कासूला गाडी थांबली ती थांबलीच. सिग्नल नव्हता. एरवी मी घरी जाऊन काय काय करायचं ते मनात मांडत बसले असते. त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाडीचं पाणी भरत होतं, बांधाला लागून बगळे उभे होते, एक बाई डोक्यावर पाटी घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला चालली होती. हे शेंगदाणे सोलत होते आणि अर्धे मला देत होते.

"काय बघतेस एवढं?" त्यांनी विचारलं.

मी बगळे दाखवले. तेही वाकून बघू लागले, गाडी हलेपर्यंत.