ताईच्या स्कूटरचा पोचा

टीव्हीवरच्या मारधाडीच्या सिनेमात मुलीसाठी न्याय मागणारा बाप दिसला की मी चॅनल बदलते. तो बाप हातोडा उचलतो, डझनभर गुंडांना लोळवतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडत नाही. चीड येते मला. माझ्या बाबांकडेही हातोडे होते, भिंतभर टांगलेले. वाकोल्याला त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं गॅरेज. चेपलेला पत्रा ते असा सरळ करायचे की ठोकलं कुठे होतं ते मालकालाच शोधत बसावं लागे.

ताई कामावरून स्कूटरने घरी येत होती, तेव्हा एका मोठ्या पांढऱ्या गाडीने तिला मागून उडवलं. माझी ताई गेली. गाडीवाला म्हणाला, माझी गाडी लागलीच नाही, ती आपली आपण घसरली. त्याला खोटं पाडणारी एकच गोष्ट होती, ताईच्या लाल स्कूटरला मागे पडलेला पोचा आणि त्यात घासून बसलेला पांढरा रंग. पोलिसांनी अंधारातच त्याचे फोटो काढले. रंगाचा नमुना कुणी खरवडून घेतला नाही. पुढे, कोर्टात बोलावू तेव्हा आहे तशी आणा, असं लिहून घेऊन स्कूटर आमच्या ताब्यात दिली. बाबांनी सही केली. त्या दिवसांत त्यांच्यापुढे काहीही ठेवलं असतं तरी त्यांनी सही केली असती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी गॅरेजवर डबा घेऊन गेले. बाबा स्कूटरवर रंगाचा शेवटचा हात मारत होते. पोचा नाही, ओरखडा नाही, शोरूममधून आल्यासारखी.

"अशी चेपलेली गाडी मागे ठेवन तिका निरोप कसो देऊ गो?" बाबा म्हणाले. आमच्याशी ते एरवी साधं मुंबईचं मराठी बोलायचे. मालवणी तोंडात आली की समजायचं, माणूस आतून ढासळलाय. "आरशावरचा ओरखडा काढून द्या म्हणून किती मागे लागली होती. मी म्हटलं, गिऱ्हाइकांचं होऊ दे आधी."

आम्ही दोघं तिथेच बसून रडलो. डबा तसाच परत आला. आपण काय पुसून टाकलंय, हे दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

ते कोर्टात कळलं. टेंपोतून आणलेल्या स्कूटरभोवती गाडीवाल्याच्या वकिलाने सावकाश एक फेरी मारली आणि विचारलं, "धक्का नेमका कुठे लागलाय?" फोटोंत नुसता काळोख होता. "साहेब, इथे होता," म्हणत बाबा पुढे झाले. त्यांनी बोट टेकवलं, पण ते सरसर घसरत गेलं, एवढी सफाई होती हाताला. संशयाचा फायदा मिळून तो माणूस सुटला. बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मीच सोडवला त्याला."

त्यानंतर एका दुपारी मी गॅरेजवर गेले, तर बाबा नव्हते आणि भिंतीवरचा मोठा हातोडाही नव्हता. त्या माणसाची अंधेरीची बिल्डिंग आम्हाला ठाऊक होती. रिक्षा करून सुटले.

बाबा पार्किंगमध्ये त्या पांढऱ्या गाडीपुढे गुडघे टेकून बसले होते. हातोडा बाजूला जमिनीवर. बोटाच्या पेराने ते बॉनेटची कड वाजवत होते. टण, टण, आणि मग एका जागी ढब.

"पुट्टी भरली हा," ते मला म्हणाले. म्हणजे इथेही पोचा होता, आणि बाबांच्याच धंद्यातल्या कुणीतरी तो बुजवला होता.

खरं सांगते, मला वाटलं मारावा आता. काचा फुटाव्यात, अख्खी बिल्डिंग खाली यावी. मी हातोडा उचलून त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी तो घेतला नाही. त्या ढब वाजलेल्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला, ताईला ताप आला की कपाळावर ठेवायचे तसा.

"पुट्टी भरणारो खालचो सगळो रंग खरवडीत नाय गो. तिच्या स्कूटरचो लाल रंग आत असतलोच. मारू कसो? ती आत आसा."

वॉचमन धावत आला तेव्हा मी हातोडा ओढणीखाली घेतला आणि बाबांना दंडाला धरून उठवलं. रिक्षात ते घरापर्यंत आपल्या तळहाताकडे बघत होते. तळहाताला लाल काहीच लागलेलं नव्हतं.