चौघं म्हणजे चौघं

घरोघरी पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते ना, तसे आमच्या जिओकॅशिंग ग्रुपचे किस्से. एक ओढावा तर चार बाहेर पडतात.

खेळ सोपा आहे. कोणीतरी डबी लपवतं आणि ॲपवर जागा टाकतं. आपण ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबी परत जागेवर. आम्ही चौघं: कॅप्टन स्वाती, तिचा भाऊ बंटी, मी आणि नाना. नाना म्हणजे खो-खोचे रिटायर्ड पंच, शिट्टी अजून गळ्यात. त्या रविवारी दादरच्या ग्रुपचं रेकॉर्ड मोडायचं होतं. सूर्य मावळायच्या आत जास्तीत जास्त डब्या, आणि प्रत्येक डबीपाशी चौघंही हजर. पुढच्या आठवड्यात नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणजे त्यांचा हा शेवटचा चान्स.

*

ठाकूरद्वारच्या वाडीत डबी सापडेचना. शेवटी एक आजी म्हणाल्या, ती होय, भिजेल म्हणून मी घरात ठेवलीय. बंटीने हात पुढे केला तोच शिट्टी वाजली. "सापडली नाही, दिली. फाउल!"

नानांनी आजींना डबी परत ठेवून यायला सांगितलं आणि आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आजी अशा काही रंगात आल्या की जुनी जागा सोडून भलतीकडेच लपवून आल्या. वर आम्ही शोधताना "थंड, थंड" म्हणून खिदळत होत्या.

*

डबी शोधताना आजूबाजूच्यांना पत्ता लागू द्यायचा नसतो. लालबागला मसाल्याच्या गल्लीत कोणीतरी हटकलंच. बंटीने ठोकून दिलं, कॉन्टॅक्ट लेन्स पडलीय. झालं! अख्खी गल्ली वाकली. मिरचीची गिरणीसुद्धा थांबली. त्या गडबडीत आम्ही शिंकत शिंकत डबी उरकली.

निघताना एका काकांनी बंटीच्या हातावर खरोखरच एक लेन्स ठेवली.

*

रे रोडला लाकडाच्या वखारींपाशी दोन डब्या होत्या. बंटी म्हणाला, दोघं इकडे जाऊ, दोघं तिकडे, कोण बघतंय?

"मी बघतोय ना," नाना म्हणाले आणि सुजलेला गुडघा ओढत दोन्हीकडे आले.

*

संध्याकाळी दादरवाल्यांशी बरोबरी झाली. आता फक्त एक डबी हवी होती, आणि ती नेमकी नायगावच्या बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. नाना पहिल्याच जिन्यावर मटकन बसले. स्वाती म्हणाली, तुमचं नाव मीच लिहिते वर. नानांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात चाळीतल्या पोरांनी खुर्ची आणली, नानांना बसवलं आणि उचलून थेट वर! डबी मिळाली. स्वातीने पेन काढलं. आनंदाने मला रडूच यायला लागलं.

नानांनी शिट्टी फुंकली. "मी आलो नाही, मला आणलं. खाली न्या."

आम्ही हातापाया पडलो, पण शिट्टी काही थांबेना. न्यावंच लागलं. मग नाना कठडा धरून एकेक पायरी चढायला लागले. आम्ही मागे, आमच्यामागे रिकामी खुर्ची घेऊन पोरं, सगळी चाळ पॅसेजमध्ये. दुसऱ्या मजल्यावर असताना सूर्य गेला. बंटी ओरडला, मावळला नाहीये, नव्या टॉवरमागे गेलाय! नानांनी नाही म्हणून मान हलवली आणि चढत राहिले.

वर पोचून त्यांनी कागदावर सही केली. रेकॉर्ड दादरवाल्यांचंच राहिलं. स्वाती डोळे पुसत होती. खुर्चीवाल्यांपैकी एकाने भीत भीत विचारलं, काका, आता उतरायचं कसं?

नाना खुर्चीत ऐसपैस बसले.

"उतरायचा नियम नाही. उचला."