कशावरून बाई

आमच्या बाईंसमोर साधं ‘आज फार उकडतंय’ म्हणायचीही सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, “कशावरून?” मग शिपाईमामा कपाळावरचा घाम निपटून दाखवायचे आणि तेव्हा कुठे बाई म्हणायच्या, “मान्य. लावा पंखा.” वीज नसायची ही गोष्ट वेगळी. बाईंचं खरं नाव मस्टरवर असेल. शाळेत मात्र पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे त्यांना ‘कशावरून बाई’ म्हणत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा एका पालकानं दारात त्यांनाच विचारलं, “कशावरून बाई कुठं बसत्यात वो?” बाई शांतपणे म्हणाल्या, “मीच ती. पण हे नाव कशावरून पडलं, ते मला विचारू नका.”

बाई कळंबच्या, चांगल्या बागायतदाराच्या घरातल्या. नव्वदच्या दशकात त्या डोंगराच्या पायथ्याला आमच्या शाळेत मराठी शिकवायला आल्या. आम्ही पोरं वरून यायचो, तळेघरच्या आसपासच्या वाड्यांमधून. भात, नाचणी आणि हंगामात हिरडा, एवढंच आमचं जग. निबंधात मात्र आमचा थाट काय विचारता! कोणी समुद्रकिनारी सूर्यास्त बघत असे, कोणी बागेतल्या कारंज्यापाशी गुलाब हुंगत असे. सगळं गाईडातून घोकलेलं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात समुद्रवाल्या पोराला उभं केलं. “समुद्र पाहिलास?” “न्हाई बाई.” “डिंभ्याचं धरण पाहिलंस?” “रोजच बगतो की.” “मग त्याच्यावर लिही. तिथं मी ‘कशावरून’ विचारलं तर तुला उत्तर देता येईल.”

वहीत त्या शेरा कधी लिहीत नसत. समासात फक्त एक ‘क’ आणि पुढं प्रश्नचिन्ह. माझ्या ‘माझी आई’ या निबंधाला असे इतके ‘क’ मिळाले होते, की समास कावळे बसल्यासारखा दिसत होता. ‘माझी आई खूप प्रेमळ आहे.’ क? मला भयंकर राग आला. मी उठून म्हणाले, “बाई, आई प्रेमळ असती ह्याला काय पुरावा लागतो व्हय?” बाई म्हणाल्या, “माझीही आई प्रेमळ होती. पण तुझी कोणती आणि माझी कोणती, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?” रात्रभर धुसफुसत राहिले आणि सकाळी लिहिलं: ‘आई माझ्यावर चिडली की बोलत नाही, पण त्या दिवशी माझ्या ताटातली भाकरी रोजच्यापेक्षा मोठी असते.’ बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. बस खाली.”

‘हं, बस खाली’ हे त्यांचं सर्वोच्च बक्षीस होतं. शाब्बास वगैरे त्यांच्या कोशात नव्हतं. ते चार शब्दही न लागणारं बक्षीस मिळवण्यासाठी आम्ही जिवाचं रान करायचो.

निबंधाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य सगळेच नटवून लिहितात, असं त्या म्हणत. खरी परीक्षा मधल्या परिच्छेदांची. ते शिकवायला त्यांनी आम्हाला एकदा वर्गाबाहेर काढून शेजारच्या घराच्या पडवीत उभं केलं. वर आढं, त्याला पेलणाऱ्या लाकडी मेढी. “आढं म्हणजे तुझं म्हणणं. एका परिच्छेदात एकच. आणि या मेढी म्हणजे त्याचे आधार. पाहिलेलं, ऐकलेलं, घडलेलं. मेढ नुसती उभी करून चालत नाही, ती आढ्याला टेकली पाहिजे. म्हणजे शेवटी सांगायचं, या आधारावरून माझं म्हणणं कसं खरं ठरतं.” घरमालकीण दारात येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाली, “काय झालं बाई? घर पडतंय का काय?” बाई म्हणाल्या, “नाही हो, तुमचं भक्कम आहे. यांची पडताहेत.”

मी नववीत असताना एसटीची संध्याकाळची गाडी तोट्यामुळे बंद होणार अशी बातमी आली. भीमाशंकरच्या गाड्या होत्या, पण त्या आम्हाला फाट्यावर सोडायच्या, आणि फाट्यापासून वाडीपर्यंत सगळं रान. वाडीपर्यंत येणारी ही एकच गाडी. वडील त्याच दिवशी म्हणाले, “गाडी गेली की शाळा बी गेली. तुझ्या ताईला अंधारात रान तुडवू दिलं न्हाई, तुला कसं देऊ?” ताईचं तसंच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी पावसात रस्ता खचला, गाडी दोन-अडीच महिने आली नाही, आणि ताई घरी बसली ती बसलीच. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. आता माझी पाळी होती.

सरपंचांनी डेपोच्या साहेबांना द्यायला अर्ज लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला बाईंकडे आणला. ‘गाडी रोज खच्चून भरते, लोक दाराला लोंबकळतात.’ बाईंनी विचारलंच, “कशावरून?” सरपंच हसले. “आवो बाई, अर्जात आसंच लिवत्यात.” बाई म्हणाल्या, “साहेबांच्या टेबलावर कंडक्टरचा हिशेब असतो. तुमचं पहिलंच वाक्य खोटं निघालं, की पुढची खरी वाक्यंही कचऱ्यात गेली.” मग अर्ज घेऊन त्या थेट आमच्या वर्गात आल्या. “मधला परिच्छेद लिहा,” म्हणाल्या.

मीही लिहिलं, गाडी खच्चून भरते. क? बाई म्हणाल्या, “रोज बसतेस ना गाडीत? गाडी अर्धी रिकामी असते, हे आधी कबूल कर. मग सांग, उरलेल्या अर्धीत कोण बसतं.” कोण बसतं? आम्ही मुली. आमच्याकडे पास, म्हणून आमचं तिकीट फाटत नाही, म्हणून पैशांच्या हिशेबात आमच्या जागा रिकाम्याच दिसतात. हे सुचलं तेव्हा वर्गात एकच गलका झाला. पुढं मी लिहिलं, ‘गाडी बंद झाली तर मुलींचं शिक्षण थांबेल.’ बाईंचं बोट त्या वाक्यावर येऊन थांबलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, “आमची ताई.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “हा आधार तुझा नाही, तिचा आहे,” त्या म्हणाल्या. “तिला विचारल्याशिवाय लिहायचा नाही.” प्रत्येक वाक्याला आधार मागणाऱ्या बाईंनी ते एक वाक्य तसंच बिनआधाराचं सोडलं.

रविवारी मी ताईच्या सासरी, आमच्याच गाडीच्या वाटेवरच्या वाडीत गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती, पोर झोळीत झोपलेली. मी चाचरत सगळं सांगितलं. ताई सुपातली नाचणी नुसती हलवत राहिली. मग म्हणाली, “खरं हाय त्ये. लिव. आन माझं नाव बी लिव. नुसतं ‘एक मुलगी’ म्हणलीस तर सायेब इचारंल, कंची?” तिनंही बाईंच्या वर्गात वर्ष काढलं होतं, हे मी विसरलेच होते. परत येताना मी वाटभर रडले, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

डेपोत सरपंच, बाई आणि मी असे गेलो. ‘संध्याकाळची गाडी पुष्कळदा अर्धी रिकामी असते,’ हे पहिलं वाक्य वाचून साहेबांनी चष्मा काढला. “हे तुम्हीच लिहिलंय?” सरपंचांना घाम फुटला. साहेब पुढं वाचत गेले. पासाच्या वाक्याशी थांबून त्यांनी कारकुनाला काहीतरी विचारलं, कारकुनानं मान डोलावली. मग ताईच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “ही कोण?” मी म्हणाले, “माझी सख्खी बहीण.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, “बघतो.”

‘बघतो’ ऐकून आम्ही तोंडं पाडून परतलो. पण साहेबांनी खरंच बघितलं. गाडी बंद झाली नाही, उलट तिची वेळ शाळा सुटण्याशी जुळवून मिळाली. सरपंच वर्षभर ‘आमच्या अर्जानं’ म्हणत फिरले. वर्गात मी ही बातमी सांगितली तेव्हा बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली. “हं. बस खाली.”

पुढं मी शिकले आणि जुन्नर तालुक्यात ग्रामसेविका झाले. ‘बिबट्यानं दहशत माजवलीय’ एवढंच लिहिलेला अर्ज घेऊन कोणी आलं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, “कशावरून? ठसे कुठं दिसले, शेळी कुठून नेली, ते लिहा दादा.” माझ्या माघारी लोक मला काय म्हणतात हे मला माहीत आहे. मला ते नाव मिरवावंसं वाटतं.

दोन हजारच्या दशकात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं मला बोलायला उभं केलं. पाठ केलेलं सगळं विसरले आणि गाईडातलं असावं तसं वाक्य तोंडातून निघून गेलं, “बाईंनी आमच्या वाडीतल्या मुलींचं आयुष्य घडवलं.”

व्यासपीठावरच्या खुर्चीतून आवाज आला, “कशावरून?”

सगळा मांडव हसला. मीही हसले. मग मी मुलींच्या रांगेकडे हात केला. “सहावीतली ती दोन वेण्यांची मुलगी, उभी राहा गं.” ती लाजत उभी राहिली. “बाई, ही माझ्या ताईची लेक. त्या रविवारी झोळीत झोपलेली. कार्यक्रम संपला की ही संध्याकाळच्या गाडीनं घरी जाईल. ताई वाडीत गाडीपाशी तिची वाट बघत असेल.”

बाई त्या पोरीकडे बघत राहिल्या. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मग माझ्याकडे वळून त्या नेहमीच्याच आवाजात म्हणायला गेल्या, पण आवाज नेहमीचा आला नाही.

“हं. बस खाली.”