ऋषिपंचमीची गोळी

आयुष्यभर मुलींना जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर माझ्याच पेशींनी माझी परीक्षा घेतली. संधिवात. इलाइट चौराह्यावरचे डॉक्टर समजावून सांगू लागले, तेव्हा मीच त्यांना थांबवलं. मला ते पाठ होतं. जंतू शिरला की पांढऱ्या पेशींमधली सूज आणणारी जनुकं सुरू होतात, आणि काम झालं की दुसरे संदेश येऊन ती बंद करतात. माझ्या पेशी जंतू नसतानाही ती सुरू करतात, आणि ‘बस’ म्हणणाऱ्याचं काही चालत नाही. रोजची छोटी गोळी पेशीच्या केंद्रकापर्यंत परिणाम करून त्या जनुकांना गप्प बसवते.

“सब जानती हैं, तो नागा मत कीजिएगा, बहनजी,” डॉक्टर म्हणाले.

नागा झालाच, गोळीचा खाडा पडला तो ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आईनं लावून दिलेलं व्रत. गोळी बांधायला मक्याचं पीठ घालतात हे माझ्यातल्या जीवशास्त्राच्या बाईंना ठाऊक, आणि मका काय नांगरल्याशिवाय येतो? दुसरी कोणी बिनघोर गिळून मोकळी झाली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुसऱ्या दिवशी बोटं बरी वाटली, म्हणून तेव्हाही घेतली नाही.

गौरी यायच्या दिवशी सकाळी मूठ मिटेना. गोळी घेतली, फोनवर डॉक्टरांची बोलणी खाल्ली. पण चेतलेली सूज लगेच उतरत नाही, आणि पितळी मुखवटा मला उचलवेना.

आई गेल्यापासून या हिंदी मुलखात, ओरछा गेटच्या या घरात मराठी बोलायला दुसरं कोणी नाही. दिल्लीची भाचरं फोनवर सगळं समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. दरवर्षी उंबऱ्यावर मुखवटा घेऊन “गौरी आली” मीच म्हणते, “कशाच्या पावलांनी?” मीच विचारते, आणि “सोन्याच्या पावलांनी” हेही मीच. आपलाच आवाज रिकाम्या घरात ऐकू येतो, तेव्हा फार एकटं वाटतं. पण यंदा तर गौरी दाराबाहेरच राहणार होत्या. एकदा खंड पडला की हे या घरातून कायमचं जाईल, या भीतीनं मला रडू आलं.

शेवटी शेजाऱ्यांच्या सुनेला हाक मारली. ती न्हाऊन आली, मुखवटा घेऊन उंबऱ्यावर थांबली.

“बुआजी, हमें बोलना क्या है?”

मी सांगितलं. तिनं दोन-तीनदा घोकलं. मग मी आत देवापाशी जाऊन उभी राहिले.

“गौरी आली,” ती म्हणाली.

“कशाच्या पावलांनी?” मी विचारलं, आणि सवयीनं उत्तर द्यायलाही तोंड उघडलं.

“सोन्याच्या पावलांनी,” दारातून तिचा आवाज आला, माझा नव्हे.